माझे चारशे अठरा, नायेफचं शून्य

८ सप्टेंबर, रविवार

आज अम्मानला जाऊन हृदयाचा तो स्कॅन करून आले. करायचा होता माझा, झाला दोघांचा. धाकटा भाऊ नायेफ सोबत असला की असंच होतं.

डॉ. तमारांनी तो मला सांगितला होता. वडील एक्कावन्नाव्या वर्षी अंगणात बसल्या बसल्या गेले, माझी रक्तातली चरबी थोडी वाढलेली, वय एकसष्ट. तेव्हा हृदयाच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम किती साठलंय ते एकदा पाहून घेऊ, म्हणाल्या. नायेफ नुसता गाडी चालवायला आला होता. अम्मानची रहदारी मला झेपत नाही असं तो सगळ्यांना सांगतो. खरं तर मला त्याच्या गाडीतला सिगरेटचा वास झेपत नाही.

तपासणी म्हणजे काहीच नाही. छातीला वायरी चिकटवल्या, हात डोक्यावर घ्यायला लावले, त्या मोठ्या कड्यात सरकवलं आणि म्हणाले, श्वास रोखा. सोडा. झालं. ना सुई, ना औषध. बाहेर येऊन बघते तर हा काउंटरवरच्या मुलीला हसवत बसलेला. पुढच्या नंबरचा माणूस आलाच नव्हता.

"मिस, मीपण करून टाकू का?" म्हणाला. "बसून बसून कंटाळा आला."

मी गणिताची शिक्षिका होते, पुढे मुख्याध्यापिका झाले, म्हणून सख्खा भाऊ असून हा मला 'मिस' म्हणतो. त्यात आदर किती आणि टिंगल किती, ते मला अजून कळलेलं नाही. मी म्हटलं, कर. मनात म्हटलं, बरं झालं. रोज दोन पाकिटं ओढतोस, बोकडाची चरबी बोटांनी निपटून खातोस, बॅटऱ्यांच्या दुकानात दिवसभर खुर्चीत असतोस. कळू दे एकदा काय ते.

हे लिहायला नको होतं. पण वाटलं ते असं वाटलं.

१० सप्टेंबर, मंगळवार

माझे चारशे अठरा. त्याचं शून्य.

दोन कागद शेजारी शेजारी ठेवून डॉ. तमारांनी सांगितलं. मला वाटलं नावांची अदलाबदल झाली असेल. तसं मी विचारलंही. त्या हसल्या नाहीत, त्यांनी पुन्हा तपासून दाखवलं. नायेफने 'शून्य' एवढंच ऐकलं आणि खुर्चीतून उठला तो फोन कानाला लावूनच. यम्माला, आमच्या आईला, सांगायला बाहेर गेला. माझा आकडा काय, हे ऐकायलासुद्धा थांबला नाही.

"किटलीला आतून पांढरा थर धरतो ना," डॉक्टर म्हणाल्या, "तसं समजा. तुमच्या वयाच्या बहुतेक बायकांपेक्षा तुमचं जास्त आहे. नळी बंद झालीय असं नाही, पण आजार आहे. रोज गोळी, ॲस्पिरिन, चालणं सुरू ठेवा. पुढच्या महिन्यात धावत्या पट्ट्यावर चालवून हृदयाची तपासणी करू."

"माझं काय चुकलं?"

"काही नाही. तुम्ही नीट राहिलात म्हणूनच कदाचित अजून त्रास नाही. वडिलांकडून आलं असणार."

"मग त्याच्याकडे का नाही आलं?"

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मग म्हणाल्या, "तुमच्या भावाला माझा एक निरोप द्या. तो बाहेर पळाला. शून्य चांगलंच आहे, पण ते अभयपत्र नाही. कॅल्शियम जमायला वर्षं लागतात. त्याचं वय एकोणपन्नास, त्यात सिगरेट. मऊ थर असेल तर या स्कॅनमध्ये दिसत नाही. छातीत, हातात, जबड्यात, कुठंही चढताना दुखलं किंवा धाप लागली तर शून्य विसरायचं आणि यायचं. सिगरेट आजच सोडायची."

मी सांगेन म्हटलं.

परतीच्या वाटेवर तो गाणं गुणगुणत होता. मला म्हणाला, "तुझं किती आलं?" सांगितलं. त्याचं गाणं थांबलं. मग म्हणाला, "मिसला नेहमीच जास्त मार्क पडतात." आणि स्वतःच हसला.

घरी पोचलो. यम्माने त्याला पाहून दोन्ही हात वर केले. "माझ्या राजाचं काळीज लख्ख निघालं! बापावर नाही गेलं पोर." मग माझ्याकडे वळली. "आणि तुझं गं, इंतिसार?"

सांगितलं. ती उठली आणि आत निघून गेली. त्याच्यासाठी दोन्ही हात वर आणि मला पाठ. बऱ्याच वेळाने बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. कांदा चिरत होते म्हणाली. जेवणात आज दही आणि काकडी होती.

निरोप सांगायचा राहिला. उद्या सांगेन.

११ सप्टेंबर, बुधवार

नाही सांगितला. सकाळी रोटी आणायला गेले तर भट्टीवाला म्हणतो, "तुमच्या भावाचं हृदय नवजात पोरासारखं आहे म्हणे!" आमच्या आख्ख्या सल्त गावात दवंडी पिटून झालीय. लोक त्याला आता 'अबू सिफर' म्हणतात. सिफर म्हणजे शून्य, शून्याचा बाप. आणि तो पाठीवर थाप पडल्यासारखा फुगतो.

मी वीस वर्षं पहाटे उठून या गावचे चढ चढतेय. साखर सोडली, तूप सोडलं, आयुष्यात एक सिगरेट ओढली नाही. वडील गेले तेव्हा मी वीस वर्षांची, हा आठ वर्षांचा. माझं लग्न ठरत आलं होतं, ते तसंच राहिलं. याची फी, याचे बूट, याचा ताप, सगळं मी काढलं. आणि काळीज लख्ख याचं.

सांगायचं तर आहेच. जरा याचा उत्सव उतरू दे.

२० सप्टेंबर, शुक्रवार

उतरतोय कुठला! आज मनसफची मेजवानी होती. शून्याच्या आनंदात. सुहादने, म्हणजे त्याच्या बायकोने, कालपासून जमीद, वाळवलेल्या दह्याचा गोळा, भिजत घातला होता. परातीवर भाताचा डोंगर, त्यावर मटण, वरून तूप. गल्लीतले सगळे पुरुष उभ्याने हाणत होते. नायेफने मुंडीचा मऊ भाग स्वतःच्या हाताने काढून यम्माच्या तोंडात घातला आणि ती अशी हसली, जशी मी तिला हसताना कधी पाहिलीच नाही. माझ्यासमोर सुहादने वेगळी ताटली ठेवली. उकडलेलं कोंबडीचं मांस, बिनतुपाचा भात.

"तुमच्यासाठी मुद्दाम वेगळं केलंय," म्हणाली.

सगळ्यांसमोर! म्हणजे आजारी कोण ते सगळ्यांना कळावं.

कुणीतरी नायेफला म्हणालं, "अबू सिफर, आता सिगरेट सोड की."

"का? तिने काय वाकडं केलंय माझं?" आणि पेटवली. माझ्याकडे बघून डोळा मारला.

निरोप जिभेवर आला होता. त्या घोळक्यात बोलले असते तर सगळे म्हणाले असते, बघा, बहिणीला बघवत नाही. आणि ते खोटं नसतं.

३ ऑक्टोबर, गुरुवार

माझी कामं एकेक करून काढून घेतली जात आहेत.

आधी रोटी. यम्माने परस्पर सुहादला सांगितलं, सकाळची रोटी तूच आणत जा. मग पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह, जो गच्चीवर जाऊन मी बंद करायची. आज गॅसची गाडी धून वाजवत आली. मी खिडकीतून ओरडून थांबवली, तर खालून नायेफ ओरडला, "तू थांब, मी आणतो." गॅसची रिकामी टाकी खाली, भरलेली वर, सगळं त्यानेच. आमचं घर उतारावर. रस्त्यापासून त्याच्या दारापर्यंत पायऱ्या आणि तिथून आमच्या मजल्यापर्यंत पुन्हा पायऱ्या. वर आला तेव्हा घामाने निथळत होता.

यम्मा म्हणाली, "अल्ला तुझ्या हाताला बळ देवो, बाळा."

चाळीस वर्षं टाक्या मी आणल्या. माझ्या हाताला बळ द्यावं असं कुणाला सुचलं नाही. आता त्याने एक आणली तर आशीर्वाद.

कळतंय मला. मी म्हातारी, निकामी. घर आता त्याच्या हाती द्यायचं चाललंय.

१४ ऑक्टोबर, सोमवार

आज घरात नायेफच्या दातावर बैठक भरली होती. खालचा जबडा दुखतो म्हणे, डावीकडे. यम्मा लवंगा घेऊन, सुहाद गरम पाण्याची पिशवी घेऊन. दंतवैद्याकडे जाऊन आला, त्याला काही सापडलं नाही. सापडणार कसं? दातही शून्य असतील.

"बसलो की बरं वाटतं," म्हणाला. "वर चढून आलो की ठणकतो."

यम्मा म्हणाली, "वारा लागला असेल."

माझ्या गोळीने पाय दुखतात, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर ऐकणार कोण?

(पुन्हा वाचलं. 'वर चढून आलो की.' डॉक्टर जबडा म्हणाल्या होत्या का? छाती म्हणाल्या हे नक्की आठवतंय. हात म्हणाल्या. बाकीचं नीट आठवत नाही. दात तो दातच असणार. दंतवैद्य उगाच असतात का?)

२२ ऑक्टोबर, मंगळवार

पट्ट्यावर चालून दाखवलं. डॉ. तमारा खूश झाल्या. "हृदयाला रक्त व्यवस्थित पोचतंय. तुमचं इतक्या वर्षांचं चालणं वाया गेलेलं नाही. गोळी चालू ठेवा, बाकी जगा." म्हणजे चारशे अठरा पाठीवर घेऊनही मी चालू शकते.

"भाऊ कसा आहे? निरोप दिलात?"

मी मान हलवली. होय म्हटलं नाही. नुसती मान हलवली. कशी हलवली, ते त्यांनी ठरवावं.

मी टॅक्सीने गेले होते. नायेफला येऊ नको म्हणाले होते. बाहेर आले तर तो समोरच्या फुटपाथवर गाडीला टेकून उभा. "इकडे बॅटरीच्या माणसाकडे आलो होतो," म्हणाला. "म्हटलं, तुझं काय झालं बघावं." बॅटरीचा माणूस मार्का भागात बसतो, ते अम्मानच्या दुसऱ्या टोकाला. याला खोटंसुद्धा धड बोलता येत नाही. बहुधा सुहादला चुकवून मित्रांकडे जाऊन आला असेल.

गाडीत सांगणार होते. खरंच. तोंड उघडलं तेवढ्यात यम्माचा फोन आला आणि तिने पहिलं काय विचारलं असेल? "नायेफ, तू जेवलास का?" त्याने फोन माझ्याकडे दिला तर ती म्हणाली, "हं, मग?" मी म्हटलं, ठीक आहे. तिने फोन ठेवला. आवाज कसातरीच होता, सर्दी झाली असेल.

मी बाहेर बघत बसले.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

जैतुनाची झाडणी सुरू झाली. दरवर्षी घाण्यावर मी उभी राहते, तेल माझ्या डोळ्यांदेखत डब्यात पडतं. यंदा यम्माने सरळ सांगितलं, "तू घरी बस. नायेफ बघेल."

"मला काय झालंय?"

"काही नाही झालं. बस म्हटलं तर बस."

मी पण बोलले. म्हटलं, "सरळ सांग ना, आता मी नको झालेय. तुला तुझा शून्यवाला पुरे."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी परक्या भाषेत बोलले. मग जपमाळ ओढत बसली. मी खोलीत येऊन दार लावून घेतलं. एकसष्टाव्या वर्षी दार आपटायला लाज वाटली, म्हणून हळूच लावलं.

९ नोव्हेंबर, शनिवार. इस्पितळात

कालचं लिहिते. नाही लिहिलं तर फुटेन.

दुपारची नमाज होऊन पुरुष घरी परतले होते. नायेफ घाण्यावरून तेलाचे पत्र्याचे डबे घेऊन आला. दोन्ही हातांत एकेक, भरलेले. मी वरच्या दारात उभी होते. मुद्दाम उभी होते. माझं काम तो कसा करतो ते बघायला. मधल्या वळणावर त्याने डबे खाली ठेवले आणि पायरीवर बसला. मला वाटलं, सिगरेट काढेल. त्याने हात खिशाकडे नेलाच नाही. छातीवर ठेवला आणि तिथेच ठेवला. तोंड राखेसारखं झालं होतं.

"काय होतंय?"

"काही नाही. तो दात." मग म्हणाला, "छातीवर कुणीतरी बसलंय, मिस."

वडील त्या दिवशी अंगणात असेच दिसले होते. तेव्हा मी पाणी आणायला धावले होते. काल पाण्याकडे धावले नाही. आतून माझं ॲस्पिरिन आणलं, त्याच्या तोंडात घातलं. "चाव. गिळू नकोस, चाव." सुहादला ओरडून सांगितलं, सिव्हिल डिफेन्सच्या ॲम्ब्युलन्सला फोन लाव.

तोवर यम्मा भिंतीला धरून बाहेर आली. नायेफ तिला बघून हसायला गेला. "घाबरू नको यम्मा. मी सिफर आहे ना. सिफरला काय होतंय?" आणि उठायला लागला. खरंच उठायला लागला, डबे उचलायला.

मी त्याला खांद्यांना धरून दाबून खाली बसवलं आणि किंचाळले, "त्या सिफरला काही अर्थ नाही! डॉक्टर म्हणाल्या होत्या! चढताना दुखलं तर शून्य विसरायचं आणि यायचं, म्हणाल्या होत्या त्या!"

फोन कानाला लावलेली सुहाद माझ्याकडे बघत राहिली. "कधी म्हणाल्या होत्या?"

 नायेफ डोळे मिटून ॲस्पिरिन चावत होता.

सिव्हिल डिफेन्सच्या पोरांनी त्याला खुर्चीत बांधून त्या सगळ्या पायऱ्या उतरवल्या. गाडीतच त्यांनी हृदयाचा आलेख काढला आणि सरळ अम्मानला घेतलं. मुख्य रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती. तारेवरून स्टेंटची जाळी घालून उघडली. वाचलाय. हृदयाचा थोडा भाग दुखावलाय, किती ते नंतर कळेल.

डॉ. तमारा स्वतः आल्या होत्या. "मऊ थर होता, तो फुटला," म्हणाल्या. "तिथे कॅल्शियम नव्हतंच, म्हणून दिसला नाही." मग माझ्याकडे पाहून काही विचारणार होत्या, पण विचारलं नाही. त्यांनी विचारायला हवं होतं.

सुहादने विचारलं. सगळ्यांसमोर, जिथे चहाचं यंत्र आहे तिथे. "रिपोर्टच्या दिवशीच सांगितलं होतं ना त्यांनी? दोन महिने तुम्ही गप्प बसलात?"

"हो."

"आणि तो डबे कुणासाठी वाहत होता, माहितीये? गॅसच्या टाक्या कुणासाठी? तुमचा तो आकडा ऐकल्यापासून यम्मा झोपली नाहीये! आम्हा सगळ्यांना शपथ घातली होती तिने, इंतिसारला जड उचलू द्यायचं नाही, चढू द्यायचं नाही, आणि तिला कळूही द्यायचं नाही, ती मानी आहे. तुमच्या त्या पट्ट्यावरच्या तपासणीच्या दिवशी हा दुकान बंद करून तीन तास बाहेर उभा होता!"

मी यम्माकडे बघितलं. ती खाली बघत होती. एवढंसं तोंड झालं होतं तिचं. म्हणाली, "मला वाटलं, आता तू जाशील बापासारखी. त्याच्यावर लक्षच नव्हतं माझं. शून्य म्हणाले ना ते."

पुढे लिहिता येत नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

आज त्याला नीट बोलता आलं. पलंगाच्या एका बाजूला यम्मा, दुसरीकडे सुहाद. मी पायथ्याशी उभी. नळ्या, वायरी, आणि दाढी वाढलेला. आठ वर्षांचा असताना कांजिण्यांनी झोपला होता, तस्सा दिसत होता.

त्याने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग मोठ्याने, सुहादला ऐकू जाईल असं म्हणाला, "तू विसरली असशील, मिस. एवढी धावपळ होती तुझी. गोळ्या, तपासण्या. विसरलीस ना?"

एक 'हो' म्हणायचं होतं. त्याने दार उघडून धरलं होतं. सुहादनेही मान वर केली, म्हणजे तीसुद्धा मानायला तयार होती. यम्मा तर माझ्यासाठी मान हलवतच होती.

"नाही," मी म्हटलं. "विसरले नव्हते. रोज आठवत होतं."

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. मी थोडा वेळ उभी राहिले आणि बाहेर आले.

मी बरोबर केलं की चूक, मला माहीत नाही. वर्गात मुलींना खरं बोलायला शिकवणं सोपं होतं.

२४ नोव्हेंबर, रविवार

घरी आलाय. खालीच असतो. मी दुपारी ताट घेऊन जाते, सुहाद दारातच घेते. आतून त्याचा आवाज येतो, टीव्हीचा येतो. 'मिस' अशी हाक येत नाही. एक हाक न येण्याने घर इतकं रिकामं होईल असं वाटलं नव्हतं.

यम्मा आणि मी सोबत जेवतो. काल तिने माझ्या ताटात स्वतःच्या ताटातली भेंडी वाढली. मी म्हटलं, "तू खा." म्हणाली, "तुझ्या आवडीची आहे." मला भेंडी आवडते, हे तिला माहीत आहे, हे मला माहीत नव्हतं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आज सुहाद मुलीच्या शाळेत गेली होती. यम्मा म्हणाली, "जा. ताट नको नेऊस, नुसती जा."

गेले. तो खिडकीशी बसला होता. समोरच्या खुर्चीवर उशी होती, ती त्याने काढली. म्हणजे बस.

"का?" एवढंच विचारलं.

मी रात्रंदिवस उत्तरं जुळवली होती. वेळ मिळाला नाही, तुझा मूड नव्हता, घोळका होता. त्यातलं एकही बाहेर आलं नाही. म्हटलं, "मला तुझा हेवा वाटत होता."

"माझा?" त्याला खरंच कळेना. "माझा, मिस?"

"तुझ्या शून्याचा. यम्माने तुझ्यासाठी हात वर केले त्याचा. सगळ्याचाच. तू जन्मलास तेव्हापासूनचा."

तो हसायला लागला. छातीला हात लावून, जपून हसत होता, दुखेल म्हणून. मग हसू थांबलं.

"तुला माहितीये, मी लहानपणापासून काय ऐकतोय? इंतिसारकडे बघ. इंतिसार अशी नाही करत. इंतिसारने हे केलं, ते केलं. दुकान काढलं तेव्हासुद्धा यम्मा म्हणाली, इंतिसारला विचारलंस का? बघून बघून डोळे दुखले माझे." खिडकीबाहेर बघत पुढे म्हणाला, "आयुष्यात पहिल्यांदा तुझ्यापेक्षा चांगले मार्क मिळाले होते मला. म्हणून तर गावभर सांगत सुटलो."

 त्याच्या पायावरची शाल सरकली होती, ती नीट केली.

"मी रागावलोय अजून," तो म्हणाला. "हे लक्षात ठेव. सहज जाणारा राग नाही हा."

"माहितीये."

"सुहाद तर तुझ्याशी जन्मभर बोलणार नाही."

"तेही माहितीये."

"चहा कर मग. बिनसाखरेचा. आता आपल्याला तोच."

सुहाद परतली तेव्हा आम्ही चहा पीत होतो. तिने माझा कप उचलून मोरीत नेऊन ठेवला, अर्धा भरलेला. 

१४ डिसेंबर, शनिवार

डॉक्टरांनी त्याला चालायला सांगितलंय, सपाट रस्त्यावर, रोज. सपाट रस्ता सल्तमध्ये एकच, बाजारातला. तेव्हा सकाळी आम्ही दोघं तिथे जातो. तो हळू चालतो. मी माझा वेग मोडून त्याच्या वेगाने चालते, ते मला अजून जमत नाही. दर दहा पावलांनी तो म्हणतो, "मिस, शर्यत नाहीये."

आज भट्टीवाला बाहेर आला. त्याने नायेफचा हात दोन्ही हातांत धरला. "सिगरेट सोडलीस म्हणे! शाब्बास! काय हिंमत आहे गड्या तुझी! आणि बघा, रोज चालतोयसुद्धा!" मसाल्याच्या दुकानातला म्हातारा उठून उभा राहिला. शिंप्याने सुईत दोरा तसाच ठेवून त्याला दुआ दिली. कुणीतरी त्याच्या हातात गरम तिळाची रोटी कोंबली. सगळ्यांच्या तोंडी एकच, काय निश्चय, काय माणूस.

वीस वर्षं! वीस वर्षं मी याच रस्त्याने, त्याच्या दुप्पट वेगाने, उन्हात, धुक्यात, रमजानात चालतेय. या भट्टीवाल्याने मला कधी नुसतं 'चाललात का' असंही विचारलं नाही. आणि हा पंधरा दिवस रखडत चालला तर गावाने याची मिरवणूक काढायची!

तो जुना जाळ पुन्हा उसळला. मी बाजूला उभी राहून त्याच्याकडे बघत होते. तोंडात तिळाची रोटी, गालावर रंग आलेला, शिंप्याशी मोठमोठ्याने बोलत होता. जिवंत, आणि नेहमीसारखा असह्य.

या जळफळाटाची मला इतकी आठवण येत होती, हे मला त्या क्षणी कळलं.

"चल," तो म्हणाला आणि रोटीतला मोठा तुकडा स्वतःसाठी ठेवून छोटा मला दिला.

मी त्याच्या हातातून मोठा ओढून घेतला.